उजव्या मनगटाची पावलं

आमच्या ह्यांनी एखादी वस्तू घ्यायची ठरवली की मी मनातल्या मनात दुकानदाराची आधीच माफी मागून ठेवते. तीस वर्षं लोकांचे केस कापणारा हा माणूस, पण नवा कंगवा निवडायला आठवडा लावतो. मग घड्याळ म्हटल्यावर काय विचारता!

घड्याळ हवं होतं पावलं मोजायला. डॉक्टरीणबाईंनी ठणकावून सांगितलं होतं, “रोज सहा हजार पावलं चाला. तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर डोळ्यांवर येईल.” माझ्या सासऱ्यांचे डोळे साखरेनंच गेले होते, आणि हातात कात्री त्यांच्याही होती. त्यामुळे ही गोष्ट मी हसण्यावारी नेणार नव्हते.

लेकीनं ओळखीच्या दुकानातून खेळाडू वापरतात तसली दोन घड्याळं आणली, दोन्ही स्वस्तातली. चार दिवस वापरा, आवडेल ते ठेवा, दुसरं परत करा, असं ठरलं. काळं हलकं, रबरी पट्ट्याचं, ठळक आकड्यांचं. निळं जरा जाड, पण नाडीचे ठोके दाखवायचं, आणि म्हणे पन्नास मीटर पाण्यातही चालायचं.

“पन्नास मीटर!” हे खूश.

“अहो, बादलीपेक्षा खोल पाण्यात कधी उतरलाय का?”

“उद्या उतरलो तर?”

कपाळ माझं! तुलना नीट व्हावी म्हणून ह्यांनी काळं उजव्या हातात बांधलं, निळं डाव्या. संध्याकाळी घरी आले ते दोन्ही हात पुढे करूनच. काळ्यात नऊ हजार, निळ्यात जेमतेम दोन.

“काळंच घेऊ,” हे म्हणाले. “निळं आळशी आहे.”

तीन दिवस हेच. मी तर हरखून गेले. नऊ हजार पावलं! बहिणीला फोन करून सांगितलं, आमचे हे सुधारले गं बाई.

चौथ्या दिवशी डबा विसरले, म्हणून दुपारी मीच दुकानात गेले. एका गिऱ्हाइकाचे केस कापणं चाललं होतं. डाव्या हातात कंगवा, उजव्यात कात्री. कच कच कच. आणि काळ्या घड्याळात आकडा पळतोय: पाच हजार एकशे चार, पाच, सहा! पाय मात्र जागचे हललेले नाहीत.

गिऱ्हाइकाच्या कानाशी कात्री होती म्हणून मी तोंड आवरलं. तो गेल्याबरोबर मी म्हणाले, “दुकान बंद करा. घड्याळवाल्याकडे जायचंय, चालत.” ह्यांच्या हातातलं काळं काढून मी माझ्या मनगटाला बांधलं आणि निघालो.

चौकात थांबून मी दोन्ही आकडे पाहिले. निघतानाचे आकडे वजा केले तर माझी सातशे साठ पावलं, ह्यांची सातशे चाळीस.

“दोन्ही सारखीच आहेत की! निळं बिचारं खरं बोलत होतं. तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी.”

माझा असा भडका उडाला! “कुणाला फसवताय? घड्याळाला? स्वतःच्या रक्ताला?”

हे रस्त्याकडे बघत म्हणाले, “दुकानात हाताला काम असतं तोवर बरं असतं. रस्त्यावर एकटा निघालो की बाबा दिसतात. शेवटी शेवटी भिंत चाचपत दुकानात यायचे, गिऱ्हाइकाला आवाजावरून ओळखायचे. इथवर येतो आणि मागे फिरतो. भीती वाटते गं मला.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतक्या वर्षांचा संसार, आणि हा माणूस असा घाबरून बसलाय याचा मला पत्ताच नव्हता. मला रडूच फुटलं.

“मग सांगायचं नाही का? मी काय परकी आहे?”

“तू ओरडली असतीस.”

“ओरडलेच असते! आणि मग बरोबर आले असते.”

घड्याळाच्या दुकानात मालक हसत पुढे आला. “काय काका, ठरलं का? कुठलं परत करताय?”

हे सवयीनं दोन्ही घड्याळं पुन्हा न्याहाळू लागले. मी माझ्या मनगटावरचा काळा पट्टा एक भोक आत ओढून घट्ट केला.

“कुठलंच नाही,” मी म्हणाले. “दोन्ही ठेवतोय. आणि हे बघा, इथून तळ्यापर्यंत किती पावलं होतील?”