दोन माणसांची मोटर

यासीनभाईंच्या दुकानात आम्ही वेगवेगळ्या बाजूंनी आलो. मी नवीन पनवेलहून रिक्षाने, निनाद रोडपालीहून बाइकवर. पावसाळ्यापासून तो तिकडेच राहतोय. भांडण नाही, आरडाओरडा नाही, आता फक्त सोमवारी वकिलाकडे जायचं बाकी. नवरा-बायकोने इतकं शहाण्यासारखं वेगळं होऊ नये. यासीनभाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. "या वहिनी, बसा," म्हणत त्यांनी आम्हाला एकाच बाकड्यावर बसवलं आणि आम्ही मुकाट्याने बसलो.

बोटीची मोटर जळली होती. रिमोटवर पळणारी, हातभर लांबीची रेसची बोट. वाटून घ्यायची राहिलेली आमची ही शेवटची वस्तू. भांडी, फ्रीज, गाद्या वाटल्या तेव्हा मला काही वाटलं नाही. आताही वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर आपलाच गाल परका लागतो, तसं माझं सगळंच झालं होतं.

यासीनभाईंनी काउंटरवर दोन ब्रशलेस मोटरी ठेवल्या.

"ही कमी केव्हीची. म्हणजे एका व्होल्टला फेरे कमी. आरामात चालेल, गरम होणार नाही. आणि ही जास्त केव्हीची. एकदम तुफान! पण करंट लई खाते. स्पीड कंट्रोलरपण मोठा लागेल, पाण्याने थंड होणारा."

मला तुफानच हवी होती, आणि त्याचं कारण रेस नव्हतं. तसल्या मोटरीची बोट जागेवरून नीट सुटत नाही. कुणीतरी गुडघाभर पाण्यात उभं राहून तिला दोन्ही हातांनी पुढे झोकून द्यावं लागतं आणि दुसऱ्याने काठावरून रिमोट चालवायचा. पळस्प्याच्या पुढे खाणीचं तळं आहे, तिथे इतकी वर्षं पाण्यात मी आणि काठावर निनाद. साहेबांचे बूट कायम कोरडे. मोठी मोटर घेतली तर दोघं लागणार, आणि दोघं लागणार म्हणजे रविवारी तरी तो येणार. माझं गणित एवढंच होतं.

"मोठीच घेऊ," मी म्हणाले.

"परत जळेल," निनाद म्हणाला.

"मागच्या वेळी तू बोटीच्या मागचा पंखा मोठा लावलास म्हणून जळली. लहान लाव, करंट कमी ओढेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "वाचलंस वाटतं?"

"वाचलं." खरंच वाचलं होतं. घरात कुणी नसलं की वाचन छान होतं.

"वहिनी बरोबर बोलतायत," यासीनभाई खूश झाले. "पंखा लहान लावा, मग बघा. इन्शाल्ला कप तुमचाच!"

"नको, कमीवालीच द्या," निनाद म्हणाला.

गेलं वर्षभर या माणसाने कशातच ठाम मत दिलं नव्हतं. जेवायला काय करू? काहीही चालेल. वेगळं राहायचं का? तुला वाटत असेल तर. आणि आज एका मोटरीवरून अडून बसला होता. मला संताप आला. काहीतरी आलं म्हणून बरंही वाटलं.

यासीनभाई कंट्रोलर आणायला आत गेले, तशी मी त्याच्याकडे वळले. "का पण? जिंकायचं नाहीये का तुला?"

निनादने काउंटरवरची मोटर उगाच फिरवली.

"बोट तू ठेव, पद्मजा. मी नाही येणार आता." मग हलक्या आवाजात, समजावल्यासारखं म्हणाला, "या कमीवालीवर ती जागेवरूनही निघते. नुसती पाण्यावर ठेवायची, बस. मोठी असली तर तू एकटी कशी सोडणार?"

म्हणजे त्याने सगळा विचार केला होता. तिकडे रोडपालीच्या खोलीत बसून, मी तळ्यावर एकटी गेले तर मला काय जमेल, काय नाही, सगळा. वर्षभरात माझी इतकी काळजी त्याने केली नव्हती. आणि त्या सगळ्यात तो स्वतः कुठेच नव्हता. मला रागावता येईना. रागवायचं तरी कशावर?

"कमीवालीच द्या," यासीनभाई बाहेर आले तेव्हा मीच सांगितलं.

"आणि रिमोटचा पट्टा," निनाद म्हणाला. "गळ्यात अडकवायचा."

"पट्टा? तुम्हाला कशाला? वहिनी असतात ना बोट धरायला!" यासीनभाई हसले.

पट्टा आला. निनादने तो माझ्या गळ्यात घातला, रिमोट अडकवला आणि माझे दोन्ही हात मोकळे राहतात का ते पाहिलं. मग मागे जाऊन बक्कल ओढून लांबी बसवायला लागला. त्याची बोटं मानेला लागली. नको ना जाऊस, एवढंच म्हणायचं होतं. पार ओठांपर्यंत आलं होतं.

"घट्ट होतोय?" त्याने मागून विचारलं.

"थोडा," मी म्हणाले. "सैल कर."