सेहेचाळिसावं पाऊल

अंगणात नारळाची अकरा झाडं होती, दोन खुर्च्या, पाण्याचं एक पिंप आणि मध्ये मोकळी वाळू. आजोबा रोज सकाळी पायरी उतरून त्या वाळूत सेहेचाळीस पावलं चालत, क्षणभर थांबत आणि वळत. तिथे ना झाड होतं, ना भिंत. त्यांना आता दिसतही नव्हतं. मी नऊ दिवस मोजलं. पंचेचाळीस एकदाही झालं नाही, सत्तेचाळीसही नाही.

आजोबा या खाडीकाठी फौजदार म्हणून लागले, पुढे पोलीसप्रमुख झाले, आणि सैन्याने सरकार उलथवलं तेव्हा एकोणीस महिने पंतप्रधान होते. घरात त्या महिन्यांबद्दल कोणी बोलत नसे.

दहाव्या दिवशी मीठ विकणारी एन्योनाम फाटकातून थेट आत आली.

"जिवंत आहात का साहेब? बरं झालं. थडग्याशी भांडायला मला जमलं नसतं."

"कोण ते?"

"फोलीची मुलगी. मी पोटात होते तेव्हा तुम्ही त्याला गोळी घातलीत."

आजोबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "चौकीच्या कागदात लिहिलंय ते आहे. कोयता उगारून तीन पावलांवर आला होता."

"त्याच कागदापायी पूर्वजांना पाणी सोडताना त्याचं नाव घेत नाहीत. पोलिसावर धावून मेला म्हणतात. या शनिवारी पुन्हा पाणी सोडणार. पाणी सोडणारे आग्बेकोकाका म्हणाले, मारणाऱ्याने खरं सांगितलं तर नाव घेईन. माफी तुमची तुमच्याकडेच ठेवा. मला नाव हवंय."

आजोबा पायरीकडे वळले.

"आजोबा," मी म्हटलं, "तुम्ही तीन पावलांवर कधीच थांबत नाही."

"लुडबुड करू नकोस, पोरी."

"सेहेचाळीसवर थांबता. तिथे काय असतं?"

पिंपाच्या नळातून पाणी ठिबकत होतं. सतरा थेंब पडले.

"तो असतो," आजोबा म्हणाले. "खाली बसलेला. टोपलीत मीठ भरतोय. पाठ माझ्याकडे."

"रोज?"

"राजधानीतसुद्धा. मंत्रिमंडळाच्या बैठकीला जाताना भर दालनात. साहेब वाटेत अडखळतात म्हणून पहारेकरी हसायचे. मी त्याला वळसा घालून जायचो."

एन्योनाम वाळूतच बसली. "टोपली कसली होती?"

"ताडाच्या पात्यांची. एक कान तुटलेला."

"आईने ठेवलीय ती," ती म्हणाली. "कोयता नव्हता ना मग?"

"नव्हता."

मग आजोबांनी मला विचारलं, "माझं पाऊल आता किती भरतं?"

"अठ्ठेचाळीस सेंटीमीटर. वाळूत दोन ठशांमधलं अंतर मोजलंय मी."

"तेव्हा शहात्तर भरायचं. कवायतीत पट्टी लावून घ्यायचे."

सेहेचाळीस गुणिले शहात्तर, मी मनात हिशेब केला: जवळजवळ पस्तीस मीटर.

शनिवारी आम्ही खाडीवर गेलो. आजोबांनी जिथून गोळी झाडली त्या पोलीस चौकीची आता फक्त पायरी उरली आहे. आजोबांनी ती काठीने चाचपली, वर चढले आणि सरळ उभे राहिले. फोली पडला तिथे त्याच्या घरच्यांनी तेव्हाच दगड पुरला होता. तिथे पूर्वजांना सोडायचं पिठाचं पाणी सुक्या भोपळ्याच्या भांड्यात भरून, ते शेजारी ठेवून म्हातारे आग्बेकोकाका उकिडवे बसले होते.

"पोरी, टेप नीट ताण," काका ओरडले. "झोळ नको."

मी टेपचं टोक आजोबांच्या बुटाशी दाबून धरलं. दुसरं टोक एन्योनामने दगडाला लावलं. काकांनी वाकून आकडा वाचला आणि मोठ्याने सांगितला.

चौतीस मीटर नव्वद सेंटीमीटर.