जावयाला अरे-तुरे

माझी मुलगी गेली आणि जावई आणि मी, दोघंही मुके झालो. त्याला स्पॅनिश येतं, मला मराठी. मधली दुभाषी तीच होती. आता रविवारी तो व्हिडिओ कॉल लावतो. आम्ही एकमेकांकडे बघतो, हात हलवतो, फोन ठेवतो. दर वेळी त्याचे गाल आणखी आत गेलेले.

मला एवढंच म्हणायचं होतं, जेवा.

म्हणून शिवणाच्या दुकानात मशीनला फोन टेकवून मी स्पॅनिशमधले हुकूम शिकायला घेतले. सोपं निघालं. आब्लास म्हणजे तू बोलतोस. शेवटचा स उसवला की आब्ला, बोल. कोमेस, खातोस, स उसवला की कोमे, खा. अहो-जाहो करायचं तर शेवटचा स्वर पालटायचा. आब्लाचं आब्ले, बोला.

"आणि कोमेचं?" शेजारी काजं करणारी मैत्रीण म्हणाली.

"'ए' जाऊन 'आ' येतो. को..."

पुढे बोलवेना. हॉस्पिटलातून त्याचा फोन आला होता, तेव्हा त्याच्या सगळ्या बोलण्यातला तेवढा एकच शब्द मला कळला होता. कोमा.

"मग अरे-तुरे कर," तिनं दोरा तोडला.

"जावयाला? आमच्याकडे जावयाला कुणी एकेरीत बोललेलं नाही."

"तुमच्याकडे स्पॅनिश कळतं कुणाला?"

"मला कळतं."

"चार शब्द आले नाहीत तोच बाईंचा तोरा बघा."

रविवारी तो दिसला. दाढी वाढलेली. समोर ताटलीत पाव, न मोडलेला. जावयाला एकेरी म्हणायचं जिवावर आलं. तरी म्हटलं, "कोमे."

त्यानं दचकून वर बघितलं. असं त्याला माझी लेकच म्हणत असणार. मग त्यानं पावाचा तुकडा मोडला, तोंडात घातला, चावत राहिला. घास काही उतरेना.

"कोमे," मी पुन्हा म्हटलं. खा रे.

गिळला त्यानं. दुसरा घेतला. आणि तो हातात धरूनच त्याचा चेहरा वाकडा झाला.

रडू नको म्हणायचं होतं. पण 'नको'चे नियम निराळे, तो धडा अजून पुढे होता. मला फक्त 'कर' म्हणता येत होतं. रडणं म्हणजे योरार; ते क्रियापद पहिल्या दिवशीच शोधून ठेवलं होतं, स्वतःसाठी.

"योरा," मी म्हटलं. रड, बाळा.

त्यानं ऐकलं माझं.