मिनिटाला तीन फेरे

मी मोटर बोलतेय. पाण्याची नाही, शिलाई मशीनचीही नाही. निखाऱ्यांवर आडव्या सळईला अख्खा बोकड लावतात ना, ती सळई फिरवणारी. मिनिटाला तीन फेरे, एवढाच माझा वेग.

कारखान्यात माझ्या पोटात सहा दातेरी चाकं बसवली आणि वर भरपूर ग्रीस थापलं. दुकानात मात्र मला कुणी विचारत नसे. शेजारची छोटी मोटर बटण दाबताच भिंगरीसारखी फिरायची. गिऱ्हाईक तिच्यावरच भाळायचं आणि मी धूळ खात बसायची.

एक दिवस एक तरणा गडी तणतणत आला आणि परवाच नेलेली छोटी त्याने काउंटरवर आपटली.

"काका, ही जळली. वाळूचं पोतं लावून बघितलं, दोन फेऱ्यांत धूर."

"पोतं किती वजनाचं?"

"अठरा किलो. शनिवारचा बोकड तेवढाच आहे."

"मग कोंबडीची मोटर कशाला नेलीस?"

"जोरात फिरत होती म्हणून."

"अरे, पंखा घ्यायला आला होतास का?" दुकानदाराने मला खाली काढलं आणि चालू केलं. "धर हिला. थांबवून दाखव."

त्याने माझा चौकोनी दांडा मुठीत आवळला. मी सावकाश फिरत राहिले. आधी त्याचं मनगट वळलं, मग कोपर, मग तो सगळाच वाकडा झाला.

"सोड आता, नाहीतर शनिवारी तूच सळईवर असशील," दुकानदार म्हणाला.

त्याच्या घरी आल्यावर मला सगळं कळलं. तीन महिन्यांपूर्वी त्याचा दादा वारला होता. मेजवान्यांसाठी बोकड भाजून देण्याचा धंदा दादाचा. सळई तो हातानेच फिरवायचा, पाच-पाच तास. बस डेपोतल्या म्हाताऱ्या मेकॅनिकच्या निवृत्तीच्या जेवणाचा शब्दही त्यानेच दिलेला. धाकट्याने हाताने फिरवून पाहिलं, तर अर्ध्या तासात खांदा गेला. वहिनीने स्पष्ट सांगितलं होतं, "हे एक काम पार पडलं तर धंदा ठेवू. नाहीतर शेगडी विकून टाकू, भावजी."

शनिवारी सकाळी अंगणात निखारे फुलले, बोकड चढला, मला जोडलं. आणि माझी फजिती झाली. बोकडाची एक बाजू जड; ती वर नेताना मी कण्हायची, खाली येताना ती धाडकन आदळायची. माझी चाकं करकरू लागली.

"हीपण जळणार. विका शेगडी," म्हणत धाकट्याने बादलीला लाथ मारली.

"बादलीने काय घोडं मारलंय तुमचं?" वहिनी म्हणाली. "मोटर सोडवा. सळई सैल सोडा."

सळई आपोआप फिरली आणि जड बाजू खाली येऊन थांबली. वहिनीने वरच्या अंगाला सळईवर एक पट्टी उभी कसली आणि दोन्ही बाजू तोलायला तिच्या टोकाला तराजूचं किलोचं माप तारेने बांधलं.

"तुमचे दादा आधी असंच वजन बांधायचे. तुम्ही तेव्हा निखारे फुंकत असायचात, तुम्हाला कसं दिसणार?"

मला पुन्हा जोडलं. काय सांगू, अठरा किलो मला फुलासारखे वाटले. पाच तास मी श्वासही न घेता फिरले. चरबी निखाऱ्यांवर पडून चर्र व्हायची, अंगणभर वास सुटला. निवृत्त मेकॅनिकने येऊन आधी माझ्याजवळ कान आणला. "गिअर खूश आहेत," तो म्हणाला, आणि मगच त्याने हार घालून घेतला.

वरचा भाजलेला थर कापून वाढणं सुरू झालं, तरी धाकटा माझ्याजवळच उभा. वहिनीने त्याच्या हातात भरलेलं ताट ठेवलं.

"बसा पंगतीत."

"इथे कोण बघणार?"

"ती फिरतेय की. ह्यांना कधी कुणाबरोबर जेवता आलं नाही, हात दांड्यावर. तुम्ही तरी बसा."

तो बसला. पहिला घास घेताना त्याचे डोळे भरले, मग शेजारी बसलेला डेपोतला ड्रायव्हर दादाच्या गमती सांगू लागला आणि तो खो खो हसला. हसता हसता त्याने तीनदा वाढून घेतलं. वहिनीने तोवर पुढच्या दोन मेजवान्या ठरवूनही टाकल्या होत्या.

आता मी त्यांच्या पडवीत खुंटीवर असते. अंगावर थोडं तेलकट काळं चढलंय, पण चाकं ठणठणीत आहेत. माझं एवढंच मागणं आहे. मला जोडलंत की माझ्याशेजारी ताटकळू नका. आपल्या माणसांत जाऊन जेवायला बसा. मी फिरतेय.