एक्केचाळीस वेळा उघडलेला

मित्रांनो, मी एक जुना गेम कन्सोल आहे. टीव्हीला जोडायचे, कंट्रोलर हातात घ्यायचा आणि खेळायचे, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. आता तुम्हाला वाटेल, की हा मुलांच्या तक्रारी सांगणार. मला आपटले, माझ्यावर सरबत सांडले, माझी वायर ओढली, असे काहीबाही. तसे झाले असते तर मी आनंदाने सांगितले असते. माझे दुखणे वेगळेच आहे. तीन वर्षांत मला एक्केचाळीस वेळा उघडले, आणि माझ्यावर खेळले मात्र एकदाच, तेही अगदी शेवटी.

मी एका मोठ्या कंपनीच्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर तयार झालो. मागेपुढे माझीच भावंडे होती. शेवटी बसलेल्या बाईंनी माझे बटण दाबून पाहिले, दिवा लागला, त्यांनी खोक्यावर शिक्का मारला आणि मी निघालो. वाटेत ट्रकमध्ये आम्हा सगळ्यांची एकच चर्चा होती. आपण कुणाच्या घरी जाणार? तिथे किती मुले असतील? कंट्रोलरवरून भांडणे होतील का? मला तर भांडणे हवीच होती.

दुकानात मी पहिल्याच दिवशी विकला गेलो. रांगेत सगळ्यात पुढे पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते आणि त्यांच्यामागे पोरांची झुंबड होती. केवढा हा हौशी माणूस, असे मला वाटले. बसमध्ये त्यांनी मला मांडीवर घेतले आणि उतरेपर्यंत खोक्यावरचा हात काढला नाही. मी हरखून गेलो होतो. मग आम्ही एका दुमजली कारखान्यात शिरलो. वरच्या मजल्यावरच्या लांबलचक टेबलावर पांढरा कागद अंथरला होता. त्यांनी मला खोक्यातून अलगद बाहेर काढले, उलटे केले, आणि टीव्हीकडे ढुंकूनही न बघता स्क्रू ड्रायव्हर उचलला.

तेव्हा माझ्या लक्षात आले, की मी प्रतिस्पर्ध्यांच्या घरात येऊन पडलो आहे.

त्या गृहस्थांना सगळे पान्हेसाहेब म्हणत. त्यांच्या हातात कधी पान्हा नसायचा, पण नाव पडले ते पडले. ते तिथले मुख्य इंजिनिअर होते. कारखाना मुळात पंख्यांचा. मी येण्याच्या नऊ वर्षे आधी मालकांच्या मनात आले, की मुलांसाठी गेमचे यंत्र काढावे. तेव्हा बाजारात दुसरे कुणी नव्हते, त्यामुळे पहिले यंत्र हातोहात खपले. मग दोन मोठ्या कंपन्या उतरल्या, त्यातली एक माझी, आणि यांचे दुसरे यंत्र दुकानांतल्या फळ्यांवर धूळ खात पडले. मी पोहोचलो तेव्हा तिसऱ्याची तयारी चालू होती. मालकांनी माझ्यासमोरच पान्हेसाहेबांना सांगितले, "हे शेवटचं. हे चाललं नाही तर गेमचा विभाग बंद करायचा. पंखे आहेतच आपले."

पान्हेसाहेबांचा चेहरा पडला. त्यांना धरून विभागात अठरा माणसे होती, आणि बाकीची सतरा त्यांनी स्वतः एकेक करून निवडून आणली होती. विभाग बंद झाला तर त्यातल्या चौघापाचांना पंख्यांत सामावून घेतले असते, बाकीच्यांना घरचा रस्ता. साहेबांना तेव्हापासून नीट जेवण जाईना.

म्हणून मी त्यांच्यावर सरसकट रागावू शकत नाही. पण रागावतो.

भिंतीवर त्यांनी एक मोठा तक्ता लावला होता. एका बाजूला 'आपला', दुसऱ्या बाजूला 'त्यांचा'. त्यांचा म्हणजे मी. माझे वजन किती, मी तापतो किती, माझा पंखा किती आवाज करतो, माझ्या पोटात कोणती चिप, तिचा वेग किती. एकेक रकाना भरण्यासाठी मला उघडायचे, मोजायचे, बंद करायचे. दुसऱ्या दिवशी कुणालातरी शंका यायची, की पुन्हा उघडायचे. माझ्या स्क्रूंचे आटे गेले. एक स्क्रू हरवला, त्याच्या जागी पंख्याचा स्क्रू बसवला, तो लांब होता आणि आत टोचत राहिला. ज्या रकान्यात त्यांचे यंत्र माझ्यापेक्षा सरस ठरेल तिथे साहेब हिरवी टिकली चिकटवत. वर्षभरात तक्त्यावर सतरा हिरव्या टिकल्या झाल्या आणि सगळे एकमेकांची पाठ थोपटू लागले.

आणि माझा कंट्रोलर? बटणाखालची स्प्रिंग कशी आहे ते बघण्यासाठी तिसऱ्याच दिवशी करवतीने त्याचे दोन तुकडे केले होते. अर्धा वरच्या मजल्यावर, अर्धा खालच्या. यापुढे माझ्यावर कुणाला खेळायचे झालेच तर ते कसे खेळणार, हा प्रश्न त्या अख्ख्या विभागात कुणाला पडला नाही. मी डोक्याला हात लावला असता, पण मला हात नाहीत.

याच सुमारास जावईबापूंनी एक फिल्म केली. जावईबापू म्हणजे मालकांचे जावई. विक्रीचे काम त्यांच्याकडे होते आणि कलेची हौस फार. यंत्र चालू केले की आधी डोंगरामागून सूर्य वर यायचा, सूर्यातून कंपनीचे चिन्ह बाहेर पडायचे, मग सनई वाजायची, मग चिन्ह गोल फिरायचे. एक मिनिट दहा सेकंद. ती थांबवायची सोय ठेवली नव्हती. मालकांनी ती पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. मालकांचे डोळे भरल्यावर बाकी कुणी तोंड उघडण्याचा प्रश्नच नव्हता.

तोंड उघडले ते पॅकिंगच्या ताईंनी. पॅकिंगमध्ये खोक्याची मापे ठरवण्यासाठी त्यांना एक तयार यंत्र दिले होते. आठ दिवस ते त्यांनी घरी नेले. परत आल्या त्या सरळ वरच्या मजल्यावर, आमच्या टेबलापाशी.

"साहेब, राग येणार नसेल तर एक सांगू?"

"बोला ना ताई. खोकं लहान पडतंय का?"

"खोकं बरोबर आहे. माझ्या दोन पोरी आहेत घरी. यंत्र चालू करतात आणि पाणी प्यायला उठतात. पाणी पिऊन येतात, वेण्या घालून येतात, तरी तुमचा सूर्य आपला उगवतोच आहे. चौथ्या दिवसापासून त्यांनी हात लावणं सोडलं."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते तक्त्यापाशी गेले आणि बोट फिरवत वरून खालपर्यंत आले.

"चालू व्हायला लागणारा वेळ. असा रकानाच नाही आपल्याकडे," ते म्हणाले.

"मग घाला की," ताई म्हणाल्या. "त्यांच्या यंत्राला किती लागतो?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सर्वांत महत्त्वाची घडी होती. चार सेकंद! मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, चार सेकंद लागतात, जोडून तरी बघा. पण ओरडणार कशाने? त्या दिवशी मी सात ट्रेमध्ये होतो. चिप एका टेबलावर, पंखा दुसऱ्या, झाकण रंगाच्या नमुन्यासाठी खाली गेलेले. मला जोडून उभा करायला अर्धा दिवस गेला असता.

"उद्या बघू," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू धावतपळत आले. माझ्या कंपनीने नवा कन्सोल दोन महिने आधीच बाजारात आणायचे जाहीर केले होते. झाले, सगळ्यांचे धाबे दणाणले. मालक म्हणाले, आपण त्यांच्याही आधी उतरायचे. त्या गडबडीतही साहेबांनी एकदा धीर करून विचारले, "ती फिल्म जरा आखूड करता आली तर?"

"सासऱ्यांना विचारा," जावईबापू म्हणाले.

साहेबांनी सासऱ्यांना विचारले नाही. एवढीच त्यांची चूक, आणि ती मी अजून विसरलेलो नाही. मालक त्यांना खाऊन टाकणार नव्हते. फार तर एक दिवस तोंड फुगवून बसले असते. बारीकसारीक स्क्रूपुढे डोळे फोडणारा हा माणूस एका साध्या प्रश्नापाशी गप्प बसला.

यंत्र वेळेवर बाजारात गेले. सतरा हिरव्या टिकल्यांचा तक्ता खोक्यावर छापला होता. दुकानांत फिरून आलेला विक्रेता जे सांगायचा ते मी टेबलावरून ऐकत होतो. मुले येतात, आपले यंत्र चालू करतात, सूर्य बघतात. पुढच्या टेबलावर दुसऱ्या कंपनीचे यंत्र असते. सूर्य डोंगराच्या वर येईपर्यंत मुले तिकडे गेलेली असतात. त्याने हे तीन वेगवेगळ्या दुकानांत पाहिले होते. साहेबांनी ते ऐकून घेतले आणि चष्मा पुसला. फिल्म आखूड करायचे ठरेपर्यंत दुकानदारांनी माल परत पाठवायला सुरुवात केली होती. पॅकिंगच्या ताईंनी स्वतः बांधलेली खोकी स्वतःच उतरवून घेतली.

विभाग बंद झाला. चौघांना पंख्यांत घेतले, त्यात साहेब आणि ताई होत्या. उरलेल्यांचा निरोप समारंभ वगैरे काही झाला नाही. एकेक जण टेबलापाशी यायचा, साहेबांचा हात हातात घ्यायचा आणि जिना उतरायचा. साहेब प्रत्येकाला म्हणायचे, "माझंच चुकलं." मला ते पाहवत नव्हते.

शनिवारी दुपारी वरचा मजला रिकामा करायचा होता. ट्रक यायला अवकाश होता. साहेबांनी माझे ट्रे गोळा केले आणि मला जोडायला बसले. एक्केचाळीस वेळा केलेले काम, त्यांना बघायचीही गरज पडत नव्हती. ताई कोपऱ्यात टेप लावत होत्या. मी पुरा झालो तशा त्या उठल्या आणि पिशवीतून कंट्रोलर काढून त्यांनी साहेबांपुढे ठेवला. अस्सल माझ्याच कंपनीचा.

"हा कुठून आणलात?"

"घरून. पोरींकडे आहे त्यांचं यंत्र. तीन वर्षं झाली." त्यांनी आवाज खाली आणला. "मालकांना सांगू नका."

साहेब हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. त्यांनी मला तपासणीच्या टीव्हीला जोडले आणि बटण दाबले. पडदा उजळला. त्यांनी मला बंद केले आणि पुन्हा चालू केले. पुन्हा बंद. खिशातून स्टॉपवॉच काढून त्यांनी तीनदा वेळ मोजला, मग उठून तक्त्याच्या तळाशी पेनाने एक रकाना आखला आणि त्यात चार हा आकडा लिहिला. तेव्हा माझे डोके फिरले. आत्तासुद्धा मोजायचेच का? कंट्रोलर समोर पडलेला आहे, गेम समोर थांबलेला आहे, आणि हा माणूस रकाना भरतो आहे.

ताईंनाही राहवले नाही. "साहेब, झालं ना मोजून? आता खेळा की."

साहेबांनी पेनाचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले.

"मला येत नाही," ते म्हणाले.

"काय येत नाही?"

"खेळायला. कधी खेळलोच नाही मी."

ताईंना थट्टा वाटली. मग त्यांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिले, तर ती थट्टा नव्हती. बारा वर्षे मुलांसाठी खेळायची यंत्रे बनवणारा माणूस त्यांच्यासमोर उभा होता. त्यांनी खुर्ची ओढली, साहेबांना बसवले आणि कंट्रोलर हातात दिला. साहेबांनी तो उलटा करून मागचे स्क्रू चाचपले.

"असा नाही, असा," म्हणत ताईंनी त्यांचे अंगठे धरून बटणांवर ठेवले. "ह्यानं पळायचं. ह्यानं उडी."

पडद्यावरचा छोटा शिपाई पळाला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला. साहेबांनी ताईंकडे पाहिले. "पुन्हा उठतो तो, दाबा," ताई म्हणाल्या. सहा वेळा तो पडला. सातव्यांदा पलीकडे गेला. साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"पुढे काय आहे?"

"मला काय विचारता? जाऊन बघा."

ते गेले. सव्वा तास गेले. मी तापलो, माझा पंखा घरघरला, तो लांब स्क्रू आत टोचत होता आणि मला कशाचीही पर्वा नव्हती. खाली ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हा साहेब म्हणाले, "एक मिनिट, हा एवढा पूल," आणि ताईंनी जिन्यातून हाक मारून ट्रकवाल्याला थांबायला सांगितले. पूल पार झाल्यावर साहेबांनी कंट्रोलर ताईंच्या हातात परत दिला. त्यांनी मला खोक्यात ठेवले.

आता मी पंख्यांच्या गोदामात एका फळीवर आहे. साहेब खाली नवे पंखे करतात. दुसऱ्या कंपनीचा पंखा आला, की ते आधी तो लावून भर दुपारी त्याच्यासमोर तास दोन तास नुसते बसतात आणि मगच स्क्रू ड्रायव्हर घेतात, असे इथले लोक सांगतात. ऐकून मला बरे वाटायला हवे. खरे सांगू, माझा जळफळाट होतो. हे शहाणपण माझ्या वाट्याला यायला हवे होते, त्या चौदा माणसांच्या वाट्याला यायला हवे होते, आणि ते गेले पंख्यांच्या वाट्याला.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण मोठेपणी इंजिनिअर होतील. मला जरूर उघडा, माझी ना नाही. पण त्याआधी मला एकदा टीव्हीला जोडा. आणि खेळता येत नसेल तर शेजारी कुणी असेल त्याला तसे सांगून टाका. पान्हेसाहेबांना ते तीन शब्द बोलायला बारा वर्षे लागली, आणि ते बोलले तेव्हा अठराच्या अठरा खुर्च्या रिकाम्या होत्या.