दवातली पावलं

सुप्रभाबाई केंब्रिजला एकट्या निघाल्या, तेव्हा मिल्टन कीन्सच्या बसस्टॉपवर त्यांच्या मुलाने, उदयने, पुन्हा बजावलं, "आई, ठरलंय ना आपलं? 'घ्यायला ये' असा एक जरी फोन आला, तर तुझी एकटीची एडिंबरा ट्रिप कॅन्सल. मग मला सुट्टी मिळेल तेव्हा सगळे मिळून जाऊ."

"म्हणजे कधीच नाही."

"आजी, तू हरवला तर मी शोधते," छोटी अन्वी तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली.

बाईंनी सारा जन्म पुण्याच्या शाळेत भूगोल शिकवला होता. मुलांना नकाशावरून अर्ध्या जगात फिरवून आणलं होतं; आणि इथे इंग्लंडला मुलाकडे आल्यापासून स्वतः मात्र चौकाचौकातल्या एकसारख्या दिसणाऱ्या राउंडअबाउटना गाडीतून प्रदक्षिणा घालत होत्या.

केंब्रिजला उतरल्या आणि हरखूनच गेल्या. जिकडे बघावं तिकडे सायकली! भिंतींना टेकलेल्या, कठड्यांना बांधलेल्या, पुढच्या बास्केटमध्ये पुस्तकं नि पावाची लादी घेऊन धावणाऱ्या. एक पिकल्या केसांचे गृहस्थ मफलर उडवत, घंटी वाजवत अगदी जवळून गेले. "अगं बाई, हे तर आमच्या लहानपणीचं पुणं!" त्या एका दुकानाच्या काचेलाच म्हणाल्या.

कुठे वळू नि कुठे नको असं झालं. शेवटी एका दगडी कमानीतून त्या एका कॉलेजात शिरल्या आणि जागीच थांबल्या. चौकभर गालिच्यासारखी हिरवळ, आणि तिच्यावर ऑक्टोबरच्या सकाळचं दव चमचमत होतं.

दवात अनवाणी चाललं की डोळ्यांना थंडावा मिळतो, हे बाईंच्या मनात लहानपणापासून पक्कं. शाळेच्या सहलीत त्या मुलांनाही चालायला लावत. इथे एवढं दव पडलंय आणि चिटपाखरू नाही! बाईंना राहवेना. बूट-मोजे काढून त्यांनी कडेला नीट ठेवले, साडी घोट्यापर्यंत उचलली आणि पाऊल टाकलं. आहाहा! गारवा थेट मस्तकात गेला.

दोन फेऱ्या झाल्या असतील, तोच काळी गोल टोपी नि चष्मा घातलेला कॉलेजचा दारवान लगबगीने आला आणि हिरवळीच्या कडेला थबकला.

"मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना? घरच्या कुणाला फोन करू का? नंबर आहे तुमच्याकडे?"

त्याची नजर त्यांच्या उघड्या पावलांवर होती. एवढ्या थंडीत अनवाणी फिरणारी म्हातारी. बिचारी वाट चुकलेली दिसते, असंच त्याला वाटलं असणार. त्याने उदयला फोन लावला की एडिंबरा संपलंच.

शाळा तपासायला साहेब आले की जो आवाज लावायच्या, तो बाईंनी लावला. सावकाश, स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "मी हरवलेली नाही. या बाजूला उत्तर. त्या इमारतीमागे कॅम नदी. दुपारच्या बसने मी परत जाणार आहे. आणि दवात चालणं डोळ्यांना चांगलं, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक आहे."

दारवानाने क्षणभर विचार केला. "इथे गवतावर फक्त कॉलेजच्या प्राध्यापकांनी चालायचं असतं, मॅडम."

"अनवाणी?"

"नाही, बूट घालूनच."

"मग काय उपयोग!"

तो हसायला लागला. "मी इतकी वर्षं या हिरवळीची राखण करतोय, पण मीसुद्धा कधी पाऊल ठेवलेलं नाही."

"म्हणूनच चष्मा लागला तुम्हाला!" मग बाई झटकन बाजूला आल्या आणि मनापासून म्हणाल्या, "सॉरी हं. नियम माहीत असता तर मोडला नसता."

"आता फोन तरी कशाला करू? उत्तर कुठे ते तुम्हीच मला दाखवलंत," तो म्हणाला आणि नदीकडची वाट त्याने हाताने दाखवली.

बाई रुमालाने पाय पुसून मोजे चढवत होत्या, एवढ्यात पर्समधला मोबाइल वाजला. उदयच होता.

"आई, सगळं ठीक?"

"एकदम! आत्ताच मला गवतावरून हाकललं."

"काय? आई, तू थांब तिथेच, मी—"

"घ्यायला ये म्हणाले का मी?"

"नाही, पण—"

"मग एडिंबराचं तिकीट काढ. आणि फोन ठेव बघू, इथे लोक लांब काठीने होड्या ढकलताहेत म्हणे, मला बघायच्यात!"

बुटाची नाडी तशीच लोंबकळत होती, पण बाई केव्हाच नदीच्या वाटेला लागल्या होत्या.