झीपचं आलं आणि माझे दात

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी खिळ्याला लटकलेली जुनी किसणी म्हणजे मीच. हात लावताना जरा जपा, मी अजून चावते.

माझा जन्म बिस्किटांच्या डब्याच्या झाकणातून झाला. समुद्रापारच्या नैतासिरीच्या या डोंगरात सगळी आल्याचीच शेती. माझ्या मालकीण जयमतीबाई, त्यांच्या सासऱ्यांनी झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली आणि ते पेरूच्या फळीवर ठोकलं. माझ्या अंगावर किसलेल्या आल्याचा चहा पिऊन भजनमंडळी दर मंगळवारी गायला बसत. मी भिंतीवरून निरूपण ऐके आणि मन कसं निवून जाई.

मग घरात झीप आला. रानडुकरं आल्याचे वाफे उकरतात, त्यांना पळवणारा हा कुत्रा. डुकराला न भिणारा हा गडी लॉरीत बसला की ओकायचा. म्हणून बाई निघण्याआधी अर्धा तास स्वयंपाकघरातलं ताजं आलं धुऊन सोलत, माझ्यावर बारीक किसत आणि पाव चमचा, त्याहून जास्त नाही, भाताच्या गोळ्यात कालवून त्याला देत. पहिल्यांदा तर त्याहूनही कमी दिलं होतं. झीप गोळा खाई आणि माझ्याकडे बघून शेपूट हलवी. एवढं कौतुक मला पुरे होतं.

बाईंचा दीर भगौती मात्र हसायचा. "वहिनी, रेड्याएवढा कुत्रा आणि चिमूटभर आलं? मुंगीला घालताय का?"

"भावजी, तुमचा गळा मोठा म्हणून तुम्ही घडाभर चहा पिता का?" बाई म्हणत.

भगौती मंडळीचा मुख्य गवई. आवाज असा, की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत. दयेवरची पदं तर तोच गायचा.

एकदा बाई माहेरी गेल्या होत्या. झीपला लॉरीतून शेतावर न्यायचं होतं. आलं घरात टोपलीत होतं, मी भिंतीवर होते. पण भगौतीला चार पावलं चालायचा कंटाळा! लॉरीत लावणीच्या बियाण्याचं पोतं होतं. किडीची निळी दवा लावलेलं ते आलं त्यानं सालीसकट मूठभर तोडलं, गुळात दाबलं आणि झीपपुढे टाकलं. मी दारातून सगळं पाहिलं. पण मला तोंड नाही, नुसते दात आहेत.

संध्याकाळी झीपला उचलूनच आणला. फेस येत होता, पाय झाडत होता. बाई परतल्या त्या थेट त्याला नौसोरी शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन धावल्या. आणि भगौती काय म्हणाला?

"त्या किसणीला गंज चढलाय वहिनी. तुम्ही शिकवलंत तसंच किसून दिलं मी. विष तिच्यातलंच!"

मला कोंबड्यांच्या खुराड्यात फेकलं. तिथे घाणीत पडून मी मंगळवारची भजनं ऐकली. भगौती दयेची पदं गात होता आणि मी दात परजत होते.

झीप वाचला, पण वाळून काटकी झाला. मग एके दिवशी लॉरी झाडताना बाईंना आल्याचा एक चावलेला तुकडा सापडला. साल तशीच, त्यावर निळी दवा, आणि झीपच्या दातांच्या खुणा. बाई तुकडा मुठीत घेऊन निघाल्या. खुराड्यात आल्या आणि त्यांनी मला राखेनं घासून लख्ख केलं.

मंगळवारी मंडळी जमली. भगौती खाकरत म्हणाला, "वहिनी, घसा बसलाय. जरा आलं-मध द्या."

बाईंनी सगळ्यांसमोर मला मांडीवर घेतलं आणि बियाण्याच्या पोत्यातलं निळं आलं माझ्यावर टेकवलं.

भगौती ताडकन उठला. "अहो वहिनी, वेड लागलंय का? त्याला दवा लावलीय! मारताय का मला?"

"हो का?" बाई म्हणाल्या. "मग झीपला कसं चाललं?"

 भगौतीची मान जी खाली गेली, ती वर आलीच नाही.

"आता तुम्हीच किसा," बाईंनी मला धुऊन त्याच्या पुढ्यात ठेवलं. "घरातलं घ्या. सोलून. झीप उद्या लॉरीत बसणार आहे, हात बसू द्या जरा."

त्यानं आलं सोललं आणि घाईघाईनं किसायला घेतलं. मित्रांनो, मी संधी सोडली नाही. अंगठ्याचं सालडं काढलं!

तेव्हापासून झीपचं आलं तोच किसतो. गोळा मात्र झीप बाईंच्याच हातचा खातो.

मित्रांनो, तुमच्या कुत्र्याला आलं द्यायचं तर ताजं, स्वच्छ, सोललेलं, बारीक किसलेलं आणि अगदी थोडं द्या. लोणच्यातलं नको, पाकातलं नको, बियाण्याचं तर मुळीच नको. त्याला रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, शस्त्रक्रिया व्हायची असेल किंवा कुत्री गाभण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. कुत्र्याला 'हे काय' असं विचारता येत नाही. तो तुमच्या हातावर विश्वास ठेवून गिळतो.

क्षमेवरचं निरूपण मी आजही दर मंगळवारी मनोभावे ऐकते. देवा, तुझी शपथ, पटतंही. पण भगौतीनं घाई केली की माझा एक दात अजूनही त्याचा अंगठा शोधतो.